खंडेनवमीचा मिक्सर

आमच्या पुष्करला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी आजी आठवली. आठवायला माझी हरकत नव्हती. पण आठवण आली की माणूस डोळे पुसतो, फार तर फोटोला हार घालतो. हा पठ्ठ्या घरातला मिक्सर बाहेर काढायला निघाला.

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात दिवसभर संगणकापुढे बसून त्याला शोध लागला होता की यंत्रांनी आपल्या अन्नातला जीव घालवला. आधी तांब्याची भांडी आली, मग मातीची आली, त्यातली दोन फुटलीही. मग बेंगळुरात बसवनगुडीच्या आमच्या घरामागे, नळाखाली कपडे धुवायचा जो दगड आहे, तो आजीचा पाटा असल्याचं त्याला कळलं आणि त्याचं डोकंच फिरलं.

"आजीच्या पाट्यावर आपण कपडे धुतो, आई?"

"चव्वेचाळीस वर्षं धुतोय," मी म्हटलं. त्याला ते उत्तर आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो शिवाप्पाला घेऊन आला. शिवाप्पा पाट्या-वरवंट्यांना टाकी लावतो, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करतो. आता पाटे कुणाकडे नसल्यामुळे त्याला काम मिळाल्याचाच आनंद झाला होता. अंगणात पाटा मांडून त्याने पुष्करला विचारलं, "अण्णा, बाजू हीच ना?"

"सरी, सरी, बरोबर, हीच. बघा ना, वाटून वाटून किती गुळगुळीत झालीय."

मी पायरीवर बसून कोथिंबीर निवडत होते. तोंड उघडलं आणि मिटलं. इतकं सगळं ज्याला कळतं, त्याला आपण कशाला सांगावं? टाकीचे घाव दुपारभर ऐकले.

बेत असा होता: खंडेनवमीला ऑफिसची वीस माणसं जेवायला. आधी पाट्याची पूजा, मग त्या पाट्यावर पुरण. वाटणार मी, आणि फोनवर चित्रण करणार तो. मिक्सर त्याने खोक्यात भरून फाटकाशी ठेवला. दसरा झाला की ई-कचऱ्याची गाडी येणार होती.

"मिक्सर गेल्यावर रोजचं वाटण कोण करणार?" प्रांजलीने विचारलं. ही माझी सून, पुण्याची. तिचंही ऑफिस असतं, सकाळी नऊला मीटिंग असते.

"मॅनेज करू ना. आळीपाळीने."

आमच्या घरात आळीपाळीने काय होतं ते मला ठाऊक आहे. गच्चीवरच्या कुंड्यांना पाणीही आळीपाळीने घालायचं ठरलं होतं; ते रोज प्रांजली घालते. ती ओट्याकडे वळून भांडी विसळायला लागली. तिची ती वाकलेली पाठ बघून माझं रक्त तापलं. तशी पाठ मी या घरात आधी पाहिली होती.

खंडेनवमीला आमच्या बेंगळुरात रिक्षापासून पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार पडतात. मी टेलिफोनच्या कारखान्यात तेहतीस वर्षं नोकरी केली. त्या दिवशी आम्ही बायका आपापला चिमटा, पकड, स्क्रू-ड्रायव्हर पुसून बाकावर मांडायचो आणि हळदकुंकू वाहायचो. ज्यावर पोट चालतं, त्याला हात जोडायचे, एवढं मला समजतं.

म्हणून सकाळी मी फाटकाशी गेले, खोकं फोडलं, मिक्सर काढून लख्ख पुसला आणि चौरंगावर ठेवला. पाटा खाली जमिनीवर होता. मिक्सरला कुंकू लावलं, हार घातला. तेवढ्यात पुष्कर पाहुण्यांना घेऊन आत आला. फोन हातात, चित्रण सुरू.

"आई, प्लीज, आज हे नको. लोक आलेत."

"आज नाही तर कधी? आज हत्यारांची पूजा. माझं हत्यार हे."

"आणि पुरण?"

"मी पाट्यावर बसणार नाही. प्रांजलीही बसणार नाही. आज नाही आणि उद्याही नाही. जीव असलेलं पुरण हवं असेल तर वरवंटा तो तिथे आहे. बस मांडी घालून."

पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. पुष्करचा चेहरा पडला. खरं सांगते, मला वाईट वाटलं. लबाड नाही तो. त्याला खरोखरच काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं.

"तुला नाही कळणार," तो हळू आवाजात म्हणाला. "आजीच्या पाट्यावरच्या पुरणाची चव अजून माझ्या जिभेवर आहे."

"ती चव या भांड्यातली आहे. हा मिक्सर आला तेव्हा तू आठ महिन्यांचा होतास."

त्याने हातातला फोन खाली घेतला. मी मात्र आता थांबणार नव्हते.

"माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती. कारखान्याची बस सहालाच कोपऱ्यावर यायची. मी गेले की अकरा माणसांचं वाटण परत तुझ्या आजीच्या अंगावर, म्हणून तुझे आजोबा म्हणाले, सुनेने नोकरी सोडावी. मिक्सर घेऊ म्हटलं तर म्हणाले, त्याने अन्नातला जीव जातो. तुझंच वाक्य, अगदी शब्दाला शब्द. त्यांनी जन्मात वरवंट्याला हात लावला नव्हता. सासूबाई त्यांच्यापुढे कधी मान वर करून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. म्हणाल्या, 'ती नोकरीही करील, आणि मी वाटणारही नाही.' दुसऱ्या दिवशी चिकपेटेच्या बाजारात स्वतः जाऊन मिक्सर आणला. तरी आजोबांनी पाट्यावरचीच चटणी मागितली. तेव्हा सासूबाईंनी पाटा ओढत ओढत नळाखाली नेला, पालथा घातला आणि त्याच्यावर पहिल्यांदा आजोबांचंच धोतर धुतलं. दोन दिवस आजोबा जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मिक्सरची चटणी दोनदा मागून घेतली."

"पालथा?" पुष्करने खाली पाहिलं.

"शिवाप्पाने टाकी लावली ती पाठ आहे. उलटा कर."

त्याने फोन प्रांजलीकडे दिला, गुडघ्यांवर बसला आणि जोर लावून पाटा उलटा केला. खालची बाजू मधोमध खोल गेली होती. ओंजळभर पाणी सहज राहील एवढा खळगा होता. पाहुणेही पुढे येऊन बघायला लागले. पुष्करने त्या खळग्यात हळूच तळवा ठेवला.

"आजीचा हात," तो म्हणाला.

"आजीचा खांदा," मी म्हटलं. "तीस वर्षांत दगड एवढा झिजला, तर खांद्याचं काय झालं असेल? त्यांचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. मरेपर्यंत त्यांची वेणी मी घातली, रोज, बस यायच्या आधी."

 पुष्करने खळग्यातून हात काढून घेतला. मग उठला, पाटा पुन्हा पालथा घातला आणि कण्हत कण्हत मागच्या दारी नळाखाली नेऊन ठेवला. परत आला तेव्हा त्याचा सदरा मातीने भरला होता.

पुरणाची डाळ निवत चालली होती. प्रांजलीने चौरंगावरचा मिक्सर ओट्यावर घेतला, हार न काढता. भांडं बसवलं. या मिक्सरचं झाकण जुनं आहे, दाबून धरावं लागतं. तिने नवऱ्याचा हात धरून झाकणावर ठेवला आणि बटण दाबलं. मिक्सर नेहमीसारखाच ओरडला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.