शंभर यार्डांवरून

शंभर यार्डांच्या पलीकडे चौदा ससे होते. सत्तर ते शंभरच्या मधे तीन. पन्नासच्या आत एकही नव्हता.

वैभवीने दुर्बीण खाली घेतली. "काका, जवळ कुणीच येत नाहीये."

"येतील कशाला? माझे गुडघे वाजतात ते त्यांना तिथून ऐकू जातं," डॉक्टर दीनानाथ म्हणाले.

बीटच्या शेताच्या कडेला दोघं पालथे पडून होते. डॉक्टर एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त जीपी. केंब्रिजबाहेरच्या ॲलनच्या या शेतावर ते कित्येक वर्षं दर शनिवारी ससे मारायला येत. वैभवी त्यांच्या घरातली वरची खोली घेऊन राहायची आणि फिजिक्समध्ये पीएचडी करायची. बंदूक तिने कधी हातात धरली नव्हती. तिला रस होता तो गोळी हवेतून कशी जाते त्यात.

पूर्वी डॉक्टर सरपटत पन्नास यार्डांपर्यंत जात. आता ते जमत नव्हतं. सशांनी बीटची एक बाजू खाऊन टाकली होती, आणि गेल्या आठवड्यात ॲलनने स्वतःच्या बुटांकडे बघत सांगितलं होतं, की फरक पडला नाही तर त्याला ससे मारणारा कॉन्ट्रॅक्टर बोलवावा लागेल. तसं झालं तर शनिवारी डॉक्टरांची वाट बघणारं कुणी उरणार नव्हतं. त्यांच्या पत्नी, शैलाकाकू, जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या शाकाहारी, म्हणून ससा गॅरेजमधल्या स्टोव्हवर शिजायचा. तो अजूनही तिथेच शिजे. डॉक्टर फ्रीजरवर ताट ठेवून तिथेच जेवत.

त्या संध्याकाळी गॅरेजमध्येच लांबून मारता येईल अशा रायफलीचा विषय निघाला.

"तुमच्या पॉइंट टू-टूची गोळी शंभर यार्डांवर पंधरा सेंटिमीटर खाली येते," वैभवी म्हणाली. "ही नवी, बारीक गोळीची पॉइंट वन-सेव्हन जवळजवळ सरळ जाते. पण गोळी हलकी आहे. वारा ढकलतो तिला."

"आणि टू-टूचीच जास्त जोराची मॅग्नम?"

"ती दोन्हींच्या मधली. पण तिने मांस फाटतं, रश्श्याला कमी उरेल."

"रस्सा तू खात नाहीस, काळजी मात्र रश्श्याची."

"वास वरपर्यंत येतो, काका."

डॉक्टर हसले. दोन्ही हातांनी कप धरून त्यांनी चहा संपवला.

"मग वन-सेव्हन. पोलिसांकडून बंदुकीच्या सर्टिफिकेटवर चढवून घ्यायला वेळ लागेल, तोवर ॲलनच्या शेतात त्याच्याकडची वन-सेव्हनच वापरून बघू. पण माझा नियम तोच. पाच गोळ्या चाळीस मिलिमीटरच्या वर्तुळात बसल्या, तरच सशावर. डोकं तेवढंच असतं त्याचं. जखमी होऊन बिळात गेला तर दोन-दोन दिवस मरत राहतो."

"आणि नाही बसल्या तर?"

"तर कॉन्ट्रॅक्टर."

पुढच्या शनिवारी गवताचं पातंही हलत नव्हतं. ॲलनने शंभर यार्डांवर कागद लावलेली फळी उभी केली आणि रायफल ठीक आहे ना ते पाहायला आधी स्वतः पाच गोळ्या मारल्या. वैभवीने लॅबमधून आणलेल्या कॅलिपरने सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलं. अठरा मिलिमीटर. मग नवा कागद लावला.

डॉक्टर पालथे झाले. रायफल नळीखालच्या दोन पायांच्या स्टँडवर टेकलेली होती. त्यांनी घाई केली नाही. चौथ्या गोळीनंतर गाल बाजूला घेतला, उजवा तळहात स्वेटरला पुसला, बोटं उघडून मिटून पाहिली आणि पुन्हा नेम धरला.

पाचवीनंतर ॲलन दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिला. "लांबून तरी ठीक दिसतंय, डॉक," तो म्हणाला. "मोजायची काय गरज? चला, चहा घेऊ."

डॉक्टर उठून फळीकडे चालू लागले होते. वैभवी मागून धावली.

"थांबा, मी मोजते."

"दे इकडे. रिपोर्ट मीच वाचतो."

कॅलिपरचं टोक भोकाच्या कडेवरून दोनदा निसटलं. वैभवीने कागद ताणून धरला. डॉक्टरांनी सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलं. मग चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

"लिही," ते म्हणाले. "एकशे सोळा मिलिमीटर."