दोन दारांच्या मध्ये

लोण्याच्या कोठीतून संयोगिता मधल्या खोलीत आली, मागचं दार लागलं आणि तिच्या लक्षात आलं की थर्मामीटर आतच राहिला. परत जायला तिनं आतल्या दाराचं बटण दाबलं. नेमकं त्याच वेळी बाहेर स्क्रीनसमोर ड्यूटीवर बसलेल्या पिराजीमामांनी, पोरगी कुडकुडत असंल म्हणून, बाहेरच्या दाराचं बटण दाबलं. दोन्ही दारं जागची हलली नाहीत.

गगनबावड्याच्या रस्त्याला असलेल्या त्या शीतगृहात एक दार उघडं असताना दुसरं उघडायचं नाही, नाहीतर बाहेरची गरम हवा थेट लोण्यापर्यंत जाते. हे सांभाळणारा प्रोग्राम शाहूपुरीतल्या छोट्याशा ऑफिसात बसून संयोगितानंच लिहिला होता. प्रोग्राम एकच, पण त्याच्या पोटात दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी आपापलं काम करणारे दोन कामकरी. एक आतलं दार बघायचा, एक बाहेरचं.

तिनं भिंतीवरचं लाल बटण तीनदा दाबलं. काहीच झालं नाही. मग आठवलं, ते बटणही बाहेरच्या दाराच्या थ्रेडलाच निरोप देतं. हातानं उघडायच्या खटक्याचं सामान अजून आलं नव्हतं. तोवर प्रोग्राम आहेच की, असं तीच म्हणाली होती.

तिनं भिंतीवरचा फोन उचलला. “मामा, दार अडकलंय.”

“बटण दाबलंय की मी. उघडंल.”

“स्क्रीनवर काय दिसतंय?”

“हिरवं. दोन्ही दिवं हिरवं. झ्याक चाललंय.”

खोली जेमतेम दोन पावलांची. भिंतीवरच्या तबकडीत तापमानाचा काटा उणे तीनवर. दोन मिनिटांचं काम म्हणून ती जाड कोट न घालता, नुसत्या स्वेटरवर आत आली होती. पायाची बोटं आहेत की नाहीत, ते आता बघूनच कळत होतं.

हिरवा दिवा थ्रेडला एकच प्रश्न विचारायचा, तू जिवंत आहेस का? आणि काही न करता वाट बघत बसलेला थ्रेडही त्याला हो म्हणतो. तिला अंदाज आला. आतल्या थ्रेडनं आतल्या दाराचा ताबा घेतला, बाहेरच्यानं बाहेरच्या दाराचा, आणि दोघंही आता समोरच्यानं सोडायची वाट बघतायत. कुणीच आधी सोडणार नाही. पण अंदाजावर काही सांगायची तिला सवय नव्हती.

“मामा, एफ टू दाबा. दोन ओळी येतील. वाचा.”

“आतलं दार, बाहेरच्यासाठी थांबलंय. बाहेरचं दार, आतल्यासाठी थांबलंय.”

“आता एक मिनिट थांबून परत दाबा.”

“आता कशाला आनि?”

“एकदा बघितलेलं त्या क्षणापुरतं खरं असतं.”

ते मिनिट तिनं जागच्या जागी उड्या मारत काढलं.

“तेच हाय बघा. शब्दबी बदलला न्हाय.”

“मग प्रोग्राम बंद करा आणि परत चालू करा. चालू होताना तो दोन्ही दारं उघडतो.”

“त्येवढं सोडून सांगा.”

“का?”

“कागूद चिकटवलाय न्हवं तुमी. हिरवा असताना बंद करू नये. खाली तुमची सही, साहेबांचा शिक्का.”

“मीच सांगतेय ना आता?”

“तोंडानं. उद्या लोणी इतळलं तर घरी कोन जानार? थांबा, साहेबांस्नी इचारतो.”

शीतगृहाचे मालक विजयसिंह साहेब, त्यांच्या मोबाइलवरही तेच दोन दिवे दिसत. थोड्या वेळानं मामांचा आवाज आला. “सायेब म्हन्ले, चालू हाय, दम धरा. म्याडमनंच केलंय, म्याडमला म्हाईत हाय.”

ती दाराला टेकून खाली बसली, आणि पत्रा अंगाला चावला तशी उठली. आणखी किती वेळ? दोन थ्रेड न थकता, न कंटाळता वर्षभरसुद्धा असे बसून राहतील. ती तासभरही राहू शकणार नव्हती.

हे असं पहिल्यांदा झालंय का? प्रश्न मनात आला आणि सोबत राजवीर आठवला, इथं पेट्या ने-आण करणारा पोरगा. मागच्या महिन्यात पेट्यांची ढकलगाडी याच खोलीत अडकली म्हणून त्यानं प्रोग्राम बंद केला होता. दोन्ही दारं एकदम उघडली, चाळीस पेट्या मऊ पडल्या. दारंच हलत नव्हती, असं तो सांगत राहिला. तिनं नोंद तपासली तर दोन्ही थ्रेड जिवंत. ‘चालू प्रोग्राम विनाकारण बंद केला’ असं तिनं अहवालात लिहिलं. राजवीरला कामावरून काढलं. तो कागद त्यानंतरचा.

“मामा,” ती म्हणाली. दात वाजत होते. “राजवीर खरं बोलत होता.”

तिनं फोन कान आणि खांद्यात धरला, हात काखेत घातले.

“तेव्हाही असंच अडकलं होतं. मी फक्त जिवंत आहे का ते बघितलं. काय करतोय ते बघितलंच नाही.”

“साहेबांपुढं मीबी तेच सांगितलं,” मामा हळू म्हणाले. “हिरवा हुता म्हनून. त्यो वरडत हुता, मामा, दार बघा की. मी उठलोबी न्हाय.”

“मामा, मला आता बोटं हलवता येत नाहीत.”

खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. मग भिंतीतली घरघर बंद झाली आणि आतला दिवा गेला; मामांनी प्रोग्रामसकट सगळंच बंद केलं होतं. अंधारात तिनं आकडे मोजले. चौतीसला प्रोग्राम परत चालू झाला आणि दोन्हीकडचे बोल्ट खाडकन मागं आले. तिनं खांद्यानं दार ढकललं आणि उन्हात जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

आत मामांनी दारं लावून घेतली. मग वही आणि पेन घेऊन ते तिच्याजवळ आले. तिचे हात काखेतच होते.

“मी सांगते, तुम्ही लिहा,” ती म्हणाली.

“आधी माझं लिवतो.” ते उकिडवे बसले आणि एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहू लागले. “त्या दिवशी मी दिवा बघितला. दार बघितलं न्हाय.” सही केली, वही तिच्याकडं सरकवली.

तिनं मुठीत पेन धरलं. अक्षर लहान मुलासारखं येत होतं. अहवाल चुकला एवढं लिहून ती थांबली आणि त्याखाली दोन्ही थ्रेड कशासाठी थांबले होते तेही लिहायला लागली, कुणालाही कळेल असं.

“राजवीरचा नंबर हाय माझ्याकडं,” मामा म्हणाले. “पन फोन तुमी लावा. माझा त्यो उचलत न्हाय.”