उतरायची परवानगी

आकाश कोणाच्या बापाचं नसतं असं आपण म्हणतो. खोटं आहे. ते एका खात्याचं असतं, आणि आपण जातो तेव्हा ते खातं जेवायला गेलेलं असतं. विमानातून छत्री घेऊन उड्या मारायचं मैदान काढायचं म्हणून धाकट्याने त्या खात्याचे उंबरे इतके झिजवले, की शिपाई त्याला "आज उशीर केलात?" असं विचारू लागला. अग्निशमनवाल्यांनी हवेत आग लागली तर काय, ते विचारलं. शेजारच्या कोंबडीवाल्याने लेखी हरकत घेतली : वरून माणसं पडताना पाहून कोंबड्या अंडी द्यायला कचरतील.

मैदान हे मुळात थोरल्या भावाचं खूळ. थोरला दुसऱ्याच्या मैदानावर गेला. त्याची छत्री उघडलीच नाही. मग ते खूळ धाकट्याने आणि वहिनीने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, पुढे चालवायला घेतलं.

या धंद्यात एक रीत असते. विमानातून माणसं सुटली की खाली एकाने मान वर करून उघडलेल्या छत्र्या मोजायच्या, आणि शेवटचे पाय टेकले की आकडा मोठ्याने सांगायचा. तो विमानवाल्याच्या आकड्याशी जुळला पाहिजे. हे काम वहिनीने मागून घेतलं होतं.

पहिल्याच चाचणीला विमानातून चौघे सुटले. वहिनी म्हणाली, "पाच."

"चष्मा पूस, वहिनी."

"चष्मा वाचायचा आहे रे. लांबचं मला लख्ख दिसतं."

धाकट्याने वर पाहिलं. पाच होत्या. पाचवी विटक्या निळ्या रंगाची, फार उंचावर. चौघे उतरले. ती उतरली नाही, आणि मग दिसेनाशी झाली.

पुढच्या प्रत्येक चाचणीला ती आणखी थोडी खाली आलेली असायची. उडी मारणाऱ्यांना ती दिसत नव्हती. वर अधूनमधून गार वाटतं, एवढंच ते म्हणत. धाकटा याबद्दल कोणाशी बोलला नाही, कारण अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

"या खेपेला उघडलीये रे त्यांची," वहिनी म्हणायची. "येतील. वेळेवर यायची सवय कधी होती त्यांना?"

तपासणीला अधिकारी आला. त्याने प्रथमोपचाराची पेटी उघडून पाहिली, वाऱ्याची दिशा विचारली, मग स्वच्छतागृहाची दिशा विचारली, आणि दोन्ही उत्तरांवर सारखंच "हं" केलं.

जागामालकाने निक्षून सांगितलं होतं, आज शिक्का पडला नाही तर जागा गोदामवाल्याला. धाकटा वहिनीच्या कानाशी लागला.

"काहीही दिसलं तरी चार म्हण. पाच म्हणालीस तर साहेब फाइल बंद करेल, आणि मग दादाला उतरावं लागेल गोदामाच्या पत्र्यावर."

"त्यांना नाही म्हणू?"

"नाही कुठे म्हणायचंय? फक्त मोजायचं नाही."

विमान घोंघावत गेलं, चौघे सुटले, छत्र्या उघडल्या. पाचवी त्यांच्या मागोमाग, आजवर कधी नव्हती इतकी खाली. बुटांचे तळवे दिसत होते. एका बुटाची नाडी सुटून लोंबत होती. "अहो, नाडी," असं वहिनी पुटपुटली.

चौघांचे पाय टेकले. पाचवा अजून झाडाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर होता.

"बाई, आकडा?" अधिकारी म्हणाला.

वहिनीची नजर वरच खिळलेली होती. अधिकाऱ्याने तिच्या नजरेच्या रोखाने वर पाहिलं, आणि रस्त्यात नको असलेला नातेवाईक दिसावा तशी घाईने मान खाली घातली.

"मला चारच लिहिता येतात, बाई," तो हळू आवाजात म्हणाला.

"जरा थांबा ना, साहेब. आलेच ते."

"शेवटचे पाय टेकले की आकडा. नियम आहे."

धाकट्याने डोळे मिटून घेतले.

"चार," वहिनी म्हणाली.

बूट थबकले. मग ती छत्री वर जाऊ लागली. सावकाश, न फडफडता. तिघांपैकी कोणीच कधी छत्री वर जाताना पाहिली नव्हती. पलीकडे चौघे खिदळत आपापल्या छत्र्या गोळा करत होते.

"वरच्या अंगाला वारा दिसतोय," अधिकारी म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

धाकटा मंजुरीचा कागद घेऊन वहिनीपाशी आला. तिची मान वरच होती.

"वहिनी, हे बघ तरी."

"थांब," ती म्हणाली. "अजून दिसतायत."