साल राहू दे

"याद राख, गाठ माझ्याशी आहे," असं दादा मला म्हणाला, तेव्हा गाठ खरोखरच त्याच्यापाशी होती. कपाटात, कुलपाआड, आणि किल्ली त्याच्या खिशात.

गाठ म्हणजे लाकडाची. झाडाच्या बुंध्यावर आवाळूसारखी वाढते ना, तशी. चांगली माठाएवढी, खरबरीत सालीसकट. आम्ही भाऊ-बहीण कातारी. लाकूड लेथवर फिरवायचं आणि पटाशी लावून कातायचं, हा बाबांचा धंदा, आता आमचा. मी गाठींची भांडी करते. त्यांची कड मी कापून गोल करत नाही. झाडाची साल जशी वाकडीतिकडी असेल तशीच भांड्याच्या तोंडाला ठेवते. दादा टेबलाचे पाय करतो. कितीही करा म्हणा, सगळे सारखे. माझी भांडी त्याला उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसतात, आणि हे तो नेमकं गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवतो.

ही गाठ बाबांनी स्वतः उतरवली होती, वादळात पडलेल्या झाडावरून, कुणाला हात लावू न देता. करवत अडकली की तिला म्हणायचे, "साल्या, चल की." बाबा सगळ्यांनाच साल्या म्हणत. हट्टी लाकडाला, लेथच्या पट्ट्याला, दादाला आणि मलाही. मुलगी म्हणून मला सूट नव्हती.

त्याच आठवड्यात त्यांचं उजवं अंग लुळं पडलं आणि जीभ जड झाली. आम्ही दोघं त्यांच्या खाटेपाशी उभे होतो, आणि भांडत होतो.

"ओली आहे तोवरच कातायला हवी," मी म्हणत होते. "वाळली की साल सुटते."

"ओलं लाकूड कातलं की मागाहून वाकडं होतं. एवढंही कळत नाही?"

"मला वाकडंच हवंय."

"तू आहेसच वाकडी."

आवाज चढले. तेवढ्यात बाबांनी डावा हात उचलला. तोंडातून शब्द ओढून काढायला त्यांना फार कष्ट पडले. "साल..." मग धाप. "राहू दे."

"ऐकलंस?" दादा लगेच उसळला. "साल राहू दे. म्हणजे वर्षभर हात लावायचा नाही."

"कानात बोळे घातलेस का? साल म्हणजे झाडाची साल! ती राहू दे, तासू नका, असं म्हणताहेत."

"बाबा, साल म्हणजे वर्षच ना?"

"बाबा, साल म्हणजे साल ना?"

बाबांनी पुन्हा तेच दोन तुकडे उच्चारले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या संध्याकाळी दादाने गाठ कपाटात कोंडली आणि मला तो दम भरला.

वर्षभर आम्ही एकाच छपराखाली पाठीला पाठ लावून काम केलं. सांगायचं ते वहिनीमार्फत. वहिनी म्हणजे दादाची बायको. बाबांचं खाणं-पिणं, औषधं तीच बघायची. "तुमच्या नवऱ्याला सांगा, माझी पटाशी जागेवर ठेव." "तुझ्या नणंदेला सांग, भुसा स्वतःचा स्वतः काढ." निरोपांनी भागलं नाही की समोरासमोर जुंपायची, आणि मग पलीकडच्या खोलीतून बाबांचं ऐकू यायचं, "साल... राहू दे." मी दादाकडे विजयाने बघायची. तो माझ्याकडे विजयाने बघायचा. मला एवढंच हवं होतं की ते भांडं बाबांच्या धड हातात ठेवावं, सालीवरून त्यांचं बोट फिरावं, आणि त्या वेळी दादाचं तोंड बघायला मिळावं.

वर्ष भरलं त्या सकाळी त्याने गाठ माझ्या टेबलावर आदळली. "घे. साल झालं."

मी सालीवर नखाने टिचकी मारली. आवाज पोकळ. साल लाकडापासून सुटत आली होती. मी भेगांत पातळ गोंद सोडला, तो वाळू दिला, गाठ लेथवर चढवली. बाहेरचा घाट निघाला तोवर सगळं ठीक होतं. मग उलटी करून आतून पोकरायला घेतली. अशी वाकडी कड फिरायला लागली की दिसत नाही, नुसती धूसर सावली दिसते, आणि पटाशी एकदा लाकडात, एकदा हवेत चालते. टक टक टक टक. दादा हाताची घडी घालून डोक्यावर उभा.

"पट्टा कुरकुरतोय."

"पट्टा गप्प आहे. कुरकुरतोयस तू."

आणि साल उडाली. पहिली ढलपी थेट दादाच्या गालावर बसली. रक्त आलं.

"मुद्दाम केलंस!"

"मुद्दाम जमलं असतं तर डोळ्यावर नेम धरला असता."

बोलता बोलता आणखी एक लांब पट्टी गेली. मी लेथ बंद केलं. आतलं लाकूड काय सुंदर निघालं होतं! बारीक बारीक डोळे, मधासारखा रंग. पण अर्ध्या कडेला साल होती आणि अर्धी कड टकली. मला रडू आलं, आणि दादासमोर आलं म्हणून आणखी संताप आला.

"वर्षभर कोंडून मारलीस तिला."

"बाबांनी सांगितलं होतं!"

"चल, त्यांनाच विचारू. आत्ताच्या आत्ता!"

वहिनी बाबांना चमच्याने पाणी पाजत होती. मी भांडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचा डावा हात कडेवरून हळूहळू फिरला. सालीवरून गेला, उघड्या लाकडावर आला आणि तिथेच थांबला.

"बघा, बाबा, साल गेली! याच्यामुळे!"

"हिला कातताच येत नाही, बाबा! तुम्ही साल म्हणालात ते वर्षच ना? सांगा हिला एकदा!"

बाबांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. वर्षभरात जीभ थोडी सैल झाली होती. त्यांनी जोर लावला आणि शब्द या वेळी शेपटासकट बाहेर आला.

"साल्या," ते म्हणाले. "राहू दे."

वहिनीने चमचा वाटीत ठेवला.

"रोज तेच म्हणतात," ती म्हणाली. "भिंतीतून तुमच्या भांडणाचा आवाज आला की. मला वाटलं, तुम्हाला कळतंय. कळूनही तुम्ही कोडगे झालायत."

दादाने गालावरचं रक्त बाहीला पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

"तुला म्हणाले ते," तो हळूच म्हणाला.

बाबा माझ्याकडेच बघत होते. त्यांचा हात अजून त्या टकल्या कडेवर होता. मी गप्प बसायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

"मला कशाला म्हणतील?" मी म्हणाले. "तुला!"

बाबांनी भांड्यावरचा हात काढून घेतला.