एका 'सॉरी'पायी

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-रशियन शब्दकोश आहे. जुनी पुस्तकं शांत आणि समजूतदार असतात असं तुम्हाला वाटत असेल, तर तो समज आधी मनातून काढून टाका. मी रागावलेलो आहे. माझी पानं पिवळी पडली, शिवण उसवली, पण राग तसाच आहे.

माझा जन्म मॉस्कोच्या एका छापखान्यात झाला. मला तयार करणारे पंडित एकेका शब्दावर भांडायचे. 'सॉरी'वर तर चांगलीच जुंपली होती. एक म्हणाला, "एकच अर्थ द्या, जागा वाचेल." त्यावर दुसरा टेबलावर हात आपटून म्हणाला, "जागा वाचवायला आपण गोदामात बसलोय का? तोंडातून निघतो एक शब्द, पण माणूस दर वेळी वेगळं बोलत असतो!" शेवटी दुसऱ्याचं ऐकलं गेलं. 'सॉरी'खाली ओळीखाली ओळ लागली आणि प्रत्येक ओळीत तो शब्द कुठे, कसा, कोणासमोर म्हणतात ते लिहिलं गेलं. त्याचा मला फार अभिमान होता.

तिथून मी उत्तरेला आलो, द्विना नदीकाठच्या बंदरात, लाकूड चढवायच्या एका धक्क्यावर. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की इंग्लंडची जहाजं फळ्या भरायला यायची. खलाशांना रशियन येत नसे आणि हमालांना इंग्रजी. मध्ये असायची रिम्मा ग्लेबोव्ना, बंदराची दुभाषी. आवाज जाडा, बूट पुरुषी, आणि जेवणात खारवलेला मासा असेल तर साबणानं हात धुतल्याशिवाय ती मला शिवत नसे. तिनं मला मेणकापडाचं आवरण शिवलं होतं. शब्द माहीत असला तरी ती मला उघडायची आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. हमाल हसायचे, "बाई, पाठ झालं असेल की आता!" ती म्हणायची, "शब्द पाठ आहे रे. पण आज बोलणारा माणूस नवा आहे ना!"

ते माझे सुखाचे दिवस होते. मग आमच्या दुभाष्यांच्या खोलीत एदिक हा नवा दुभाषी आला. सैन्यातून नुकताच सुटलेला, जिभेचा चपळ, दिसायला नीटनेटका. एखादं इंग्रजी वाक्य संपायच्या आत याचं रशियन तयार. साहेबलोक खूश होते. मी नव्हतो.

एका ऑगस्टमध्ये रिम्मा ग्लेबोव्ना रजा घेऊन बहिणीच्या गावी गेली होती. इकडे एका इंग्रजी जहाजावर फळ्या चढत होत्या. क्रेनचा दोर तुटला आणि फळ्यांचा अख्खा गठ्ठा पान्तेलेय नावाच्या हमालावर कोसळला. पान्तेलेय जागीच गेला. त्याची बायको उस्तीन्या जवळच्याच लाकूडगिरणीत कामाला होती. ती तशीच, अंगावर भुसा घेऊन धावत आली.

जहाजाचा दुय्यम अधिकारी हॅडो तेव्हा डेकवर होता. तो खाली उतरला, तिच्यापुढे टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "आय अ‍ॅम सॉरी. आय अ‍ॅम सो सॉरी." त्याचे डोळे वाहत होते.

उस्तीन्यानं एदिककडे पाहिलं. "काय म्हणतोय हा?"

"विनोवात," एदिक म्हणाला.

मित्रांनो, 'विनोवात' म्हणजे 'दोष माझा'. सैन्यात कोणाला कोपर लागलं तरी जवान 'विनोवात' म्हणून मोकळा होतो. एदिकच्या तोंडी तोच शब्द बसला होता. पण मेलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून तो म्हटला, तर तो कबुलीजबाब होतो.

उस्तीन्यानं हॅडोच्या खाडकन थोबाडीत मारली. तो गालाला हातसुद्धा न लावता उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, "सॉरी." एदिकनं त्याचंही 'विनोवात'च करून सांगितलं.

बंदराचा तपासनीस कोन्द्रात इल्यिच सगळं ऐकत होता. त्याला हे फार सोयीचं होतं. तो दोर बंदराचा होता आणि कुजलेला होता हे धक्क्यावरचं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. तरी खात्री म्हणून त्यानं विचारलं, "एदिक, नक्की ना?" एदिक खोलीत आला, त्यानं मला उघडलं, पहिल्या ओळीतल्या 'विनोवात'वर बोट ठेवलं आणि धाडकन मिटलं. "पुस्तकातच आहे," तो म्हणाला.

पुस्तकातच आहे! माझ्या नावावर! खाली कितीतरी ओळी होत्या. आप्ताच्या मृत्यूवर सांत्वन करताना काय म्हणावं, हे स्वच्छ छापलेलं होतं. मला ओरडता आलं असतं तर खोलीच्या काचा फुटल्या असत्या. हॅडोला न वाचता येणाऱ्या कागदावर त्याची सही घेतली गेली आणि त्याला कोंडलं गेलं. त्याचं जहाज त्याला मागे टाकून निघून गेलं.

रिम्मा ग्लेबोव्ना परतली तेव्हा बंदरात दुसरा विषयच नव्हता. तिनं टोपलीसुद्धा खाली ठेवली नाही.

"एदिक, अरे, जिचा नवरा गेला तिच्यापुढे टोपी काढून रडणारा माणूस काय म्हणेल? तुला डोळे नव्हते का?"

"मला काय विचारता? पुस्तकाला विचारा."

"पुस्तकात खाली आणखी ओळी आहेत."

"मी शब्दाचा अर्थ लावला. मनाचा अर्थ लावायचा मला पगार नाही." मग तो हळूच म्हणाला, "आणि आता मी फिरलो तर माझंच काम जाईल, रिम्मा ग्लेबोव्ना. सोडून द्या ना. आपला थोडाच आहे तो?"

चूक कोणाकडूनही होते. नुसत्या चुकीचा मला राग नाही. पण चूक कळल्यावर तिच्यावर बसून राहणाऱ्याचा मला आजही राग आहे.

रिम्मा ग्लेबोव्नानं मला काखेत मारलं, वाटेत उस्तीन्याला घरातून ओढूनच सोबत घेतलं, आणि आम्ही तपासनिसाच्या दारात उभे राहिलो. हॅडोला समोर आणायला लावून तिनं उस्तीन्याला दाराशी बसवलं.

"बसा हो, रिम्मा ग्लेबोव्ना," कोन्द्रात इल्यिच म्हणाला. "उगीच त्रास घेतलात. कबुली झाली आहे."

ती बसली नाही. हॅडोकडे वळून तिनं इंग्रजीत सांगितलं, "माझी आई युद्धात बॉम्बहल्ल्यात गेली." ते खरंच होतं.

हॅडोचा चेहरा उतरला. "ओह, आय अ‍ॅम सॉरी," तो म्हणाला.

"लिहा," रिम्मा ग्लेबोव्ना तपासनिसाला म्हणाली. "माझ्या आईला यानं मारलं. कबूल करतोय."

"काहीतरीच काय बोलता!"

"लिहा ना! शब्द तोच आहे. तुमच्या कागदात आहे तोच!"

तपासनीस लाल होऊन उठला. त्याच्या खुर्चीचा पाय हॅडोच्या गुडघ्यावर आदळला. हॅडो कळवळला आणि म्हणाला, "सॉरी."

"बघा! मार यानं खाल्ला आणि सॉरीही यानंच म्हटलं. हाही गुन्हा लिहा!"

"हा माणूस वेडा आहे की काय?" तपासनीस पुटपुटला.

"सॉरी?" हॅडोनं कान पुढे करून विचारलं.

"आता हे काय?"

"तुमचं बोलणं समजलं नाही, पुन्हा सांगा म्हणतोय." तिनं मला उघडून तपासनिसापुढे आपटलं. "वाचा. पहिल्या ओळीवर थांबू नका. खाली या. आणखी खाली. 'सचूस्त्वुयू' दिसतंय? तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. धक्क्यावर हा तेच म्हणत होता!"

तपासनिसानं वाचलं. मग म्हणाला, "पण कागद वर गेलाय."

"कागदासाठी माणूस कोंडून ठेवणार? दुसरा कागद पाठवा! दोर का तुटला ते लिहा त्यात!"

दाराशी बसलेली उस्तीन्या उठली. "बाई, म्हणजे हा माझ्या पान्तेलेयसाठी रडत होता?"

"हो गं."

"आणि मी त्याला मारलं." ती हॅडोपुढे येऊन उभी राहिली. "माझं चुकलं, हे त्यांच्या भाषेत कसं म्हणतात?"

रिम्मा ग्लेबोव्नानं तिला सांगितलं. उस्तीन्यानं अडखळत म्हटलं, "आय अ‍ॅम सॉरी." हॅडोनं मान हलवली आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"आता हिच्या बोलण्याचं काय लिहू?" तपासनिसानं घसा खाकरून विचारलं.

"आता 'विनोवात' लिहा," रिम्मा ग्लेबोव्ना म्हणाली. "इथं तोच अर्थ आहे."

हॅडो पुढच्या जहाजानं घरी गेला. दोराबद्दल मात्र कोणालाच दोषी धरलं गेलं नाही. उस्तीन्याला कोणत्याही साहेबानं कसल्याही भाषेत 'सॉरी' म्हटलं नाही. परक्या माणसाची कड घेतली म्हणून रिम्मा ग्लेबोव्नाला दुभाष्यांच्या खोलीतून काढून फळ्या मोजायच्या शेडमध्ये पाठवलं. जाताना तिनं मला मागितलं. "सरकारी मालमत्ता आहे," असं उत्तर मिळालं. तिनं माझं आवरण हातानं पुसलं आणि ती गेली.

तिची खुर्ची एदिकला मिळाली. त्यानं माझ्यावर चहाची गरम किटली ठेवायला सुरुवात केली. मेणकापड वितळून पुठ्ठ्याला चिकटलं. पुढे नवे कोश आले आणि मला तळघरात बॉयलरजवळ फेकलं. तिथून कसाबसा निघून आता मी रद्दीच्या दुकानात पडलो आहे. लोक मला उचलतात, वजन बघतात, परत ठेवतात.

मित्रांनो, मला झटकून, पुसून कपाटात ठेवा असं मी म्हणणार नाही. माझी काळजी घ्यायची असेल तर एवढंच करा. शब्द बघण्याआधी माणूस बघा. तो कोणापुढे उभा आहे, त्याचा चेहरा कसा झाला आहे, ते बघा. मग माझ्याकडे या आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तेवढी सवड नसेल, तर मला उघडूच नका.