सभासद क्रमांक अकरा

"काकी, भाईर ये. शेठ सोता आलेत," जितेश काठावरून ओरडला. जाळ्याचं एक टोक त्याच्या हातात होतं.

दुसरं टोक सुंदराच्या मुठीत होतं. धरणाच्या पाण्यात, हवा भरलेल्या ट्रकच्या ट्यूबवर ती बसली होती. मध्ये तीस-चाळीस हात पाणी आणि त्यात अडकून तडफडणारे मासे.

"सोड रं जित्या. फाटंल जाळं."

"आधी तू सोड."

जितेश तिच्या दिराचा मुलगा. धरणावर राखणदार म्हणून लागून त्याला वर्ष झालं होतं. त्याच्या मागे योगेंद्रशेठ उभा होता. धरणातल्या माशांचा ठेका कागदोपत्री गावकऱ्यांच्या मच्छीमार संस्थेचा होता, पण तिची सभा कुठे भरते हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठेका चालवायचा शेठ. मासे गावाने धरायचे आणि त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने द्यायचे. सुंदराने होळीपासून ते बंद केलं होतं. ती पाटी घेऊन थेट कशेळ्याच्या बाजारात बसायची.

"माशांचं बी मी सोडलंय पाण्यात," शेठ म्हणाला. "मासा माझा. ओढ, जितेश."

जितेशने हिसका दिला. ट्यूब कलंडली आणि सुंदरा गळ्यापर्यंत पाण्यात गेली. एका हाताने तिने ट्यूब कवटाळली. दुसऱ्या हाताची मूठ काही उघडली नाही.

"आये!"

अक्षदा, तिची मुलगी, हातात कागद घेऊन उतारावरून धावत येत होती.

अक्षदा कर्जतला कॉलेजात होती. यंदा वर्गात त्यांना एक कादंबरी लागली होती. गोऱ्यांचं राज्य नुकतंच गेलेल्या एका परक्या देशातली, नदीवर जगणाऱ्या, पण सावकाराच्या हुकमाखाली मासे धरणाऱ्या एका मासेमाराची. संध्याकाळी आई जाळं शिवायला बसली की अक्षदा ती तिला आपल्या भाषेत सांगायची. सरांनी मासेमाराच्या दुःखावर निबंध लिहायला सांगितला होता. सुंदराने भलतंच विचारलं.

"गोरे गेले ना गं? मंग नदी त्या सावकाराला दिली कुनी? कागद कुठं हाय त्याचा?"

पुस्तकात ते नव्हतं. अक्षदा दोन दिवस त्याच प्रश्नापाशी अडली आणि मग तिने इथल्या धरणाचाच कागद माहितीच्या अधिकारात मागवला. त्याचं उत्तर आज दुपारी टपालाने आलं होतं.

"ही संस्थेच्या सभेला आलेल्या सभासदांची यादी," ती धापा टाकत म्हणाली. "अकरावं नाव वाच, दादा. मोठ्यानं."

"हिरामण बुधाजी भगत," जितेशने वाचलं. "सभेला हजर. खाली सही."

"तारीख?"

"यंदाचा जून."

हिरामण म्हणजे सुंदराचा नवरा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिरडीला पुढून खांदा जितेशनेच दिला होता.

"सही?" सुंदरा पाण्यातून म्हणाली. "त्यांनी जलमभर आंगठा लावला रं."

"ओढ म्हटलं ना!" शेठ खेकसला.

जितेशने जाळ्याचं टोक दगडाखाली दाबलं आणि तो बाजूला झाला. "तुमीच वढा, शेठ. मला नाय जमनार."

शेठने राखणीच्या खोपटातून कोयता आणला. दोन घावांत जाळं तोडलं. ताण सुटला तसा मधला भाग पाण्यात खाली बसत गेला. "उद्यापासून येऊ नको," जितेशला एवढंच म्हणून तो गाडीकडे गेला. सुंदरा हळूहळू काठाला लागली. उरलेलं जाळं तिने खांद्यावर घेतलं. त्यात एकच कटला मासा होता.

सोमवारी तिघं तक्रार द्यायला कर्जतच्या कचेरीत गेली. ठेका लगेच रद्द होणार नव्हता. चौकशी लागेल, वेळ जाईल, असं लेखनिकाने सांगितलं. साक्षीदार म्हणून जितेशचं नाव घातलं. मग लेखनिकाने सुंदराकडे न पाहताच अर्ज भरायला घेतला.

"व्यवसाय... गृहिणी."

"नाय," सुंदरा म्हणाली. "मासे धरते मी."

"बाई, रेशनकार्डावर गृहिणी आहे. तेच लिहिलंय. बसा तुम्ही."

ती टेबलापुढून हलली नाही. मागची रांग चुळबुळायला लागली. लेखनिकाने सुस्कारा सोडला, लिहिलेलं खोडलं आणि वरच्या चिंचोळ्या जागेत बारीक अक्षरात 'मासेमारी' लिहिलं.

त्याचं लिहून होईपर्यंत सुंदरा उभीच होती.