गाळलेला सॅक्सोफोन

दादाची उभी हयात दुसऱ्यांच्या पाठी बघत ड्रम वाजवण्यात गेली. जॅझच्या बँडमध्ये ड्रमवाला मागेच बसतो; पुढच्याचा तोल गेला तर सावरून घ्यायचं आणि टाळ्या पडल्या की मान हलवायची. पन्नाशीच्या तोंडावर त्याला स्वतःच्या नावाने पहिला अल्बम काढायची संधी मिळाली. रचना त्याच्या, बँड त्याचा, शेवटचा शब्दही त्याचाच.

सॅक्सोफोनला त्याने धाकट्या भावाला बोलावलं. तो आला की बाकीच्यांना झाकून टाकतो, असं बँडवाल्यांनी बजावलं होतं. दादा म्हणाला, घरचं माणूस आहे, सांभाळून घेईल.

धाकट्याने कसलं सांभाळलं! आईच्या आजारपणात दादाने रचलेली एक संथ धून होती. दादा ड्रमवर तारांच्या ब्रशने हलकेच ताल धरून होता आणि धाकटा असा वाजवत गेला, की पियानोवाला हात मांडीवर ठेवून ऐकत राहिला. संपल्यावर काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "हा अल्बम आता याचाच झाला."

तो चेष्टेत बोलला होता. दादा हसलाही. पण ते वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं. स्वयंपाक आपण करायचा आणि ढेकर दुसऱ्याने द्यायचा, हे आजवर चाललं. आता स्वतःच्या घरातही तेच?

काही दिवसांनी तो एकटाच स्टुडिओत गेला आणि त्या धुनेतला सॅक्सोफोन काढायला सांगितला. निदान बाजूला जपून ठेवू का, असं रेकॉर्डिस्टने पुन्हा पुन्हा विचारलं. दादाला ठाऊक होतं, ठेवलं तर कधीतरी बाहेर येणारच.

"पुसून टाक," तो म्हणाला.

अल्बम आला. जाणकारांनी 'नेटका' म्हणून पाठ थोपटली. त्या धुनेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. धाकट्याने फोन केला, ड्रम छान ऐकू येतात एवढंच म्हणाला, आणि नंतर दादाच्या घरची पायरी चढला नाही.

पुढच्या हिवाळ्यात धाकट्याला पक्षाघात झाला. हिंडूफिरू लागला, पण ओठांची एक बाजू लुळी राहिली. सॅक्सोफोन फुंकता येईना.

दादा भेटायला गेला तेव्हा तो झोपला होता. भावजयीने चहा आणून दिला आणि समोर बसली.

"दादा, त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी हे रडतच घरी आले होते. म्हणाले, आयुष्यात एकदाच असं वाजलं, आणि तेही दादाच्या धुनेवर. तुम्ही ते अल्बममध्ये घेतलं नाहीत, तरी यांनी कधी बोलून दाखवलं नाही. आता मात्र ऐकायचं म्हणतात. तुमच्याकडे असेल ना?"

दादाने कप खाली ठेवला. मशीन बिघडलं, म्हणता आलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "मीच पुसायला लावलं."

ती उठली. मग त्याच्यापुढचा अर्धा भरलेला कप उचलून तिने आत नेला आणि ओतून दिला.